माळरानावरील भेकाचा आहार : कंधार परिसराच्या संदर्भात

नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्याचे नाव निघाले की प्राणिशास्त्राच्या अभ्यासकास प्रथम आठवतो तो लाल कंधारी गोवंश, आणि इतिहासाच्या अभ्यासकास आठवतो तो तेथील भुईकोट किल्ला व राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर. या दोहोंच्या मध्ये जी भूमी पसरली आहे, तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. बालाघाटच्या डोंगररांगांचे फाटे आणि मन्याड नदीचे खोरे यांमधील ही उथळ, मुरमाड जमीन नांगराला फारशी दाद देत नाही; म्हणून ती गुरांसाठी राहिली आणि गवताखाली टिकली. पवन्या, मारवेल, कुसळी हे तेथील गवतांचे मुख्य प्रकार. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली भारतातील गवती आच्छादनाचे जे वर्गीकरण केले, त्यातील ‘सेहिमा–डायकँथियम’ या द्वीपकल्पीय प्रकारात असा मुलूख मोडतो. या गवतात, पावसाळ्याच्या रात्री, गुरांच्या पावलांपासून चार अंगुळे वर डोके असलेला एक शिकारी वावरत असतो. तो म्हणजे भेक.

लोकव्यवहारात भेक आणि बेडूक यांत भेद केला जात नाही; दोन्ही बेडूकच. शास्त्रीय लेखनात मात्र कोरड्या, खरखरीत, ग्रंथिल त्वचेच्या, आखूड पायांच्या आणि लांब उडी न घेता थोडथोडे उसळत चालणाऱ्या कुलास भेक ही संज्ञा रूढ झाली आहे. दख्खनच्या पठारावर या कुलातील दोन जाती विशेष परिचित आहेत. पहिली, श्नायडरने 1799 साली वर्णिलेली ‘डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस’. तिच्या डोक्यावरील अस्थिमय कंगोऱ्यांच्या कडा काळ्या असतात व अंगावरील चामखिळींनाही काळी टोके असतात. दुसरी, ल्युटकेनने एकोणिसाव्या शतकात वर्णिलेली ‘स्टोमॅटिकस’ ही जाती. हिच्या डोक्यावर कंगोरे नसतात, अंगावर संगमरवरासारखी नक्षी असते आणि कोरड्या, उघड्या प्रदेशाशी ती अधिक जुळलेली आहे. ‘डटाफ्रायनस’ ही प्रजाती 2006 साली स्थापन झाली व तिला भारतीय उभयचरशास्त्रज्ञ सुशील कुमार दत्त यांचे नाव देण्यात आले. जुन्या ग्रंथांत या सर्वांचा निर्देश ‘ब्यूफो’ या नावाने सापडेल.

या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत ‘किमान चिंतेच्या’ वर्गात आहेत. महाराष्ट्रातील खऱ्या अर्थाने संकटग्रस्त भेक सह्याद्रीच्या जांभ्या सड्यांवर सापडतात : कोयनेचा भेक (सोमण, 1963) आणि आंबोलीचा भेक (बिजू व सहकारी, 2009). त्यांतील पहिला संकटग्रस्त व दुसरा अतिसंकटग्रस्त गणला जातो. तथापि सूचीतील वर्ग हा जातीच्या एकंदर विस्तारावर ठरतो, एखाद्या तालुक्यातील तिच्या स्थितीवर नव्हे. जी जाती भारतभर विपुल आहे, तीच एका विशिष्ट माळावर असुरक्षित असू शकते. आणि ती तेथे टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी तिच्या ताटात काय पडते यावर अवलंबून असते. म्हणूनच आहाराचा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

भेक खाद्य ओळखतो कसे, हा प्रश्न प्रथम घेणे सोयीचे. साधारणपणे निश्चल किडा त्याच्या लेखी खाद्य नसतोच. मेलेल्या माश्यांच्या राशीत बसूनही तो उपाशी राहू शकतो, ही गोष्ट पाळीव भेकांच्या निरीक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लेटविन, मातुराना, मॅकलॉक आणि पिट्स यांनी 1959 साली बेडकाच्या नेत्रपटलाविषयी जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात डोळा मेंदूकडे नुसते चित्र पाठवीत नसून निवडलेली माहिती पाठवितो असे दाखविले होते. पुढे जर्मनीत यॉर्ग-पेटर एवर्ट यांनी भेकावरच प्रयोग करून ही निवड किती काटेकोर असते ते उघड केले. पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी तिच्या लांबीच्या दिशेने सरकविली तर भेक तिच्याकडे वळतो, रोखून पाहतो व झडप घालतो. तीच पट्टी उभी धरून त्याच वेगाने सरकविली तर तो तिची दखल घेत नाही. पहिल्या स्थितीत ती त्यास अळीसारखी भासते, दुसऱ्या स्थितीत भासत नाही. आकृती एका मर्यादेपलीकडे मोठी झाली की झडपेऐवजी तो अंग चोरतो किंवा पळ काढतो. हा निवाडा मेंदूतील दृक्‌पिंडाच्या विशिष्ट चेतापेशी व त्यांच्यावर अंकुश ठेवणारा पुढचा भाग यांच्या सहकार्याने होतो. म्हणजे भेकाचे ‘खाद्य’ हे मुळात पदार्थाचे नाव नव्हे. आकार, दिशा आणि हालचाल यांच्या एका विशिष्ट जुळणीचे ते नाव आहे. उघड्या माळावर, जेथे गवताची ठोंबे विरळ असतात आणि मधल्या नागड्या मातीवर हलणारी मुंगीही दुरून दिसते, तेथे ही जुळणी सहज घडून येते. दाट, जमिनीवर पसरलेल्या झुडपांत ती घडत नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

झडपेची यंत्रणा तितकीच लक्षणीय आहे. भेकाची जीभ आपल्यासारखी घशाशी नव्हे, तर खालच्या जबड्याच्या पुढील कडेशी जोडलेली असते आणि तिचे टोक घशाकडे दुमडलेले असते. निशिकावा आणि गॅन्स यांनी 1996 साली अमेरिकेतील मोठ्या भेकावर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की खालचा जबडा अतिशय वेगाने उघडतो आणि त्या झटक्याने मिळालेल्या गतीमुळे जीभ स्वतःच्या जडत्वानेच पुढे फेकली जाऊन ताणली जाते. गोफणीतून सुटलेल्या दगडाशी तुलना केली तर ती फारशी अतिशयोक्त ठरणार नाही, कारण एकदा सुटलेल्या जिभेची दिशा मध्येच बदलता येत नाही. चिकटपणाचे रहस्य लाळेत आहे. 2017 साली जॉर्जियातील संशोधकांनी दाखविले, की आघाताच्या क्षणी बेडकांची लाळ पातळ होऊन किड्याच्या अंगावरील फटींत शिरते आणि जीभ मागे येताना पुन्हा घट्ट होऊन त्यास धरून ठेवते. जिभेचा मऊपणा या कामी साहाय्य करतो. घास गिळतानाही एक विलक्षण साधन उपयोगात येते, ते म्हणजे डोळे. नेत्रगोल खोबणीतून आत ओढले जातात व टाळूच्या बाजूने घासास घशाकडे ढकलतात. लेव्हीन, मनरॉय आणि ब्रेनर्ड यांनी 2004 मध्ये एका अमेरिकन बेडकाच्या डोळे ओढणाऱ्या स्नायूची चेता निकामी करून पाहिली, तेव्हा एक रातकिडा गिळण्यास लागणारे प्रयत्न सरासरी 2.3 वरून 4 वर गेले. भेकास तर दातच नसतात. चावणे, तोडणे, सोलणे यांपैकी काहीही त्यास शक्य नाही. जे सबंध गिळता येईल तेच अन्न. भक्ष्याच्या आकाराची वरची मर्यादा त्यामुळे तोंडाच्या रुंदीने ठरते, आणि खालची मर्यादा त्याच्या भुकेने.

प्रत्यक्ष आहारात काय असते? बेरी आणि बुलक यांनी ‘मेलॅनोस्टिक्टस’ या जातीच्या मलायातील आहाराचा अभ्यास 1962 साली प्रसिद्ध केला. त्यात मुंग्या व वाळवी यांचे प्राबल्य आढळले. जगभरातील भेकांविषयी हाच निष्कर्ष थोड्याफार फरकाने निघतो : मुंग्या, वाळवी आणि भुंगेरे ही त्रयी, व त्यांच्या जोडीला नाकतोडे, रातकिडे, अळ्या, गोम, कोळी, गांडूळ. मुंगी हे वस्तुतः निकृष्ट खाद्य आहे. ती लहान असते, कठीण कायटिनाने मढलेली असते आणि पुष्कळदा फॉर्मिक आम्लाने युक्त असते. मग ती इतक्या मोठ्या प्रमाणावर का खाल्ली जावी? कॅथरीन टॉफ्ट यांनी 1980 आणि 1981 साली पेरू व पनामा येथील पालापाचोळ्यातील बेडकांवर जे लेख लिहिले, त्यांत या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर मिळते. मोठे, मऊ भक्ष्य खाणारे बेडूक एका जागी दबा धरून बसतात. मुंग्या खाणारे मात्र हिंडून, थोडेथोडे, वारंवार खातात. हिंडणारा प्राणी शत्रूच्या नजरेस अधिक पडतो. म्हणून अशा गटांत विषारी त्वचेचे संरक्षण आढळते. भेकाच्या डोळ्यामागील फुगीर ग्रंथींत हृदयावर परिणाम करणारी विषे असतात, आणि कुत्र्याने एकदा भेक तोंडात धरला की तो पुन्हा धरीत नाही, हा खेड्यातील अनुभव त्याचाच दाखला होय. इतर कोणी ज्यांच्या वाटेस फारसे जात नाहीत अशा मुंग्या-वाळवीच्या अखंड रांगा हे भेकाचे भांडार आहे, आणि विष हे त्या भांडाराचे भाडे आहे असे म्हटले तरी चालेल.

कंधारच्या माळावर हे भांडार वर्षभर उघडे नसते. मराठवाड्यातील पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात भेक दगडांखाली, बिळांत, काळ्या जमिनीच्या खोल भेगांत पडून राहतो. पाणी तो तोंडाने पीत नाही, पोटाखालच्या पातळ त्वचेतून शोषतो, आणि कोरड्या मातीत शिकारीसाठी हिंडणे म्हणजे अन्न मिळविण्यापेक्षा पाणी गमावणे अधिक. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर चित्र पालटते. वाळवीच्या वारुळांतून पंख फुटलेले किडे सायंकाळी लोंढ्यांनी बाहेर पडतात; त्यांचे अंग मऊ आणि चरबीने भरलेले असते. त्याच सुमारास हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. दीर्घ उपवासानंतर भेकास हे जे अन्न मिळते त्यातूनच प्रजननाचा खर्च भागतो आणि जननेंद्रियांलगतच्या मेदपिंडांत पुढील कोरड्या ऋतूची शिदोरी साठते. पाऊस लांबला, किंवा एक सर येऊन तीन आठवड्यांचा खंड पडला, तर हा हिशेब बिघडतो. दुष्काळाशी परिचित अशा या प्रदेशात भेकाचा आहार म्हणजे कशाचा आहार यापेक्षा किती रात्रींचा आहार हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

आता लाल कंधारीकडे. चरणारी गुरे आणि भेक यांचा संबंध वरवर पाहता काहीच नाही. पण शेण हा त्यांमधील दुवा आहे. ऑस्ट्रेलियात 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठा भेक शेणाच्या पोवांजवळ अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळला. कुंपणातील प्रयोगांत असे दिसले, की पोवामुळे त्यास शेणकिडे सहज मिळतात. शिवाय पोवाचा ओलसर पृष्ठभाग अंगातील पाण्याचा ऱ्हास कमी करतो आणि आसपासच्या जमिनीपेक्षा तो उबदारही असतो. ती जाती निराळी आणि तेथे ती परकी. परंतु यंत्रणा सर्वसामान्य आहे. चराऊ माळावरील एक ताजा पोव म्हणजे भेकाच्या दृष्टीने अन्न, पाणी व ऊब यांचे एकत्र ठिकाण. जनावरे गोठ्यात बांधून वैरण घालण्याकडे कल वाढला की माळावरचे शेण घटते, शेणकिडे घटतात, आणि भेकाच्या ताटातील एक सबंध पदार्थ उणा होतो. यात औषधांचाही वाटा आहे. जंतनाशक म्हणून दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनचा अंश शेणात उतरतो व तेथील किड्यांच्या अळ्यांस मारक ठरतो, हे 1980 नंतरच्या दशकापासून सिद्ध आहे.

भेक जन्मजात यंत्रणेचा गुलाम आहे असा समज वरील विवेचनावरून होऊ नये. तो शिकतो. ह्यू कॉट यांनी 1936 साली भेकांसमोर मधमाश्या ठेवून पाहिल्या. दंश झालेले भेक लवकरच त्या टाळू लागले. ब्रोअर दांपत्य व वेस्टकॉट यांनी 1960 मध्ये पुढची पायरी गाठली : भुंग्यासारख्या मोठ्या मधमाशीचा डंख अनुभवलेला भेक तिच्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी माशीलाही नाकारतो. काही चुका मात्र गिळल्यावरच लक्षात येतात. सुगिउरा आणि सातो यांनी जपानमध्ये भेकांस ‘बाँबर’ भुंगेरे खाऊ घातले. हे भुंगेरे पोटाच्या टोकातून उष्ण व दाहक रसायनाचा फवारा सोडतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार 43 टक्के भेकांनी गिळलेला भुंगेरा 12 ते 107 मिनिटांनी ओकून टाकला, आणि ओकलेले सर्वच भुंगेरे जिवंत होते. पोटात सापडलेला प्रत्येक किडा पचणारच असे गृहीत धरणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रयोग अवश्य ध्यानात ठेवावा.

बाल्यावस्थेतील आहाराविषयी थोडक्यात. डबक्यातील काळी भेकशिशू शेवाळ व कुजका सेंद्रिय गाळ खरवडून खातात आणि त्यास अनुरूप असे त्यांचे आतडे लांब व वेटोळे असते. रूपांतराच्या काळात ते आखूड होते, शेपटी विरघळते, त्या अवधीत खाणे थांबते. डबके सोडणारा इवलासा भेक सूक्ष्म कीटक, माइट, बारीक मुंग्या यांवर गुजराण करतो. गावतळी व खड्डे बुजवून माळ ‘सपाट’ करण्याचा पहिला फटका याच अवस्थेस बसतो.

भेकाचे आर्थिक मूल्य हा या विषयातील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निसरडा भाग. अमेरिकेत किर्कलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भेकांच्या जठरांची तपासणी करून, एक भेक तीन महिन्यांत सुमारे दहा हजार उपद्रवी कीटक खातो असा अंदाज मांडला व त्याची किंमतही डॉलरमध्ये काढली. तो अंदाज पुढे शेतीविषयक पत्रकांतून वर्षानुवर्षे फिरत राहिला. परंतु भेक शेतकऱ्याची यादी घेऊन निघत नाही. हुमणीचा भुंगेरा जसा तो खातो, तसाच पिकावरील किडी खाणारा भूभुंगेरा आणि कोळीही खातो. या भ्रमाची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली : उसावरील भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी 1935 साली तेथे सुमारे शंभर भेक आणले गेले, भुंगेरे आटोक्यात आले नाहीत, भेक मात्र आवरेनासे झाले. आणि आपल्या अंगणातील ‘मेलॅनोस्टिक्टस’ मादागास्करमध्ये पोहोचल्याचे 2014 साली उघड झाले, तेव्हा तेथे ती आपत्तीच मानली गेली. भेक उपयुक्त आहे म्हणून जपावा, हा युक्तिवाद त्यामुळे दुबळा आहे. तो आपल्या मूळ परिसरात कीटकांचे मांस पक्षी, साप व मुंगूस यांच्यापर्यंत पोहोचविणारा एक दुवा आहे, एवढे म्हटले तरी ते अधिक खरे ठरते.

धोक्याचे स्वरूप समजण्यास ब्रिटनमधील नॅटरजॅक भेकाचे उदाहरण फार बोलके आहे. हाही उघड्या, आखूड गवताच्या जमिनीवरचा, भक्ष्यामागे चक्क धावणारा प्राणी. ट्रेव्हर बीबी यांनी 1977 साली दाखविले, की त्याच्या ऱ्हासाचे एक मुख्य कारण परिसराचे झुडुपीकरण हे होते : चराई थांबली, पाइनची लागवड झाली, सावली वाढली, आणि सावलीत सुखाने राहणारा सामान्य भेक त्याच्या जागी येऊन बसला. म्हणजे झाडे लावूनही एखादा भेक नाहीसा होऊ शकतो. भारतात माळरानास ‘पडीक जमीन’ या सदरात टाकण्याची प्रथा आहे. पडीक म्हटले की ती सुधारावयाची, आणि सुधारणे म्हणजे नांगरणे किंवा वृक्षारोपण करणे. दृष्टीवर विसंबून, उघड्या मातीवरील हालचाल टिपणाऱ्या शिकाऱ्यास या दोन्ही सुधारणा सारख्याच प्रतिकूल आहेत. नांदेड–लातूर पट्ट्यात गेल्या काही दशकांत सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले, आणि त्याबरोबर बीजप्रक्रिया, तणनाशक व कीटकनाशक फवारणी गायरानाच्या बांधापर्यंत येऊन ठेपली. फवारणीने कीटक कमी होतात हे उघडच आहे. त्याहून वाईट हे, की अर्धमेला, वळवळणारा किडा भेकाच्या दृक्‌पिंडास विशेषच आकर्षक वाटतो.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्याने पद्धतीचा विचार आधी करावा. जठर फाडून पाहण्याचे दिवस गेले. लेग्लर आणि सलिव्हन यांनी 1979 साली वर्णिलेल्या जठरप्रक्षालनाने, मऊ नळीतून पाणी सोडून, जिवंत भेकाचे पोट रिते करता येते व त्यास पुन्हा माळावर सोडता येते. मिळालेल्या ऐवजाचे मोजमाप कसे करावे, हा खरा प्रश्न. समजा, एका पोटात 90 मुंग्या आणि एक शेणकिडा निघाला. संख्येने पाहिले तर आहार जवळजवळ पूर्णतः मुंग्यांचा. आकारमानाने पाहिले तर कदाचित अर्धा शेणकिड्याचा. पिंकास व सहकाऱ्यांनी 1971 मध्ये सुचविलेला सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक संख्येची व आकारमानाची टक्केवारी यांच्या बेरजेस आढळाच्या टक्केवारीने गुणतो आणि ही एकांगीपणाची अडचण काही अंशी दूर करतो. तरीही कठीण कवचे टिकतात व गांडुळासारखे मऊ भक्ष्य लवकर विरघळते, म्हणून नमुना शिकारीनंतर शक्य तितक्या लवकर, रात्रीच घ्यावा. शिवाय पोटात काय आहे हे जमिनीवर काय होते याच्याशी ताडून पाहिल्याखेरीज निवडीविषयी काहीच बोलता येत नाही. इव्हलेव्ह यांचा निवड-निर्देशांक, आहारातील प्रमाण व परिसरातील प्रमाण यांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागून, −1 ते +1 या दरम्यान येतो. त्यासाठी त्याच रात्री, त्याच जागी जमिनीत पेले पुरून कीटकांचा नमुना घ्यावा लागतो. कंधारसारख्या ठिकाणी चरले जाणारे गायरान, कुंपण घातलेले रोपवन आणि त्यास लागून असलेले सोयाबीनचे शेत अशा तीन जागा निवडून, मृगापासून हस्तापर्यंत, हा नमुना पंधरवड्यागणिक घेता येईल. प्रत्येक भेकाची लांबी, वजन व तोंडाची रुंदी नोंदविणे आवश्यक. कारण तिन्ही ठिकाणची पोटे सारखीच भरलेली आढळली आणि रोपवनातील भेक मात्र वजनाने हलके निघाले, तर फरक किड्यांच्या संख्येत नसून त्यांच्या जातीत आणि त्यांना गाठण्यासाठी खर्चिलेल्या वेळात शोधावा लागेल.